अडीच रेघा

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांनी हिंडलात, तरी आमच्या दाजींसारखा माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. सांगलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली, पण त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की औषधं देणं हा जोडधंदा, खरं काम कॉफीचं. त्यांच्या मते देवानं माणसं तीनच प्रकारची केली. एका रेघेची, दोन रेघांची आणि तीन रेघांची. गाव, शिक्षण, नोकरी हे सगळं नंतरचं. ज्याला फिकी भाजलेली कॉफी आवडते तो एका रेघेचा, मधली आवडते तो दोन रेघांचा, आणि ज्याला काळी, धुरकट, जिभेला चावणारी आवडते तो तीन रेघांचा. एकदा माणसाची रेघ कळली की त्याच्याविषयी आणखी काही विचारायची दाजींना गरज वाटत नसे. सोयरीक बघायला गेले तरी ते मुलाची नोकरी विचारायच्या आधी त्याला दाणे कसे भाजलेले आवडतात ते विचारायचे, आणि मुलाकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.

आमच्याकडे सगळा चहाचा मुलूख. कॉफी म्हणजे आजारी माणसाला जायफळ घालून देतात ती, एवढंच आम्हाला ठाऊक. दाजींना हे वेड लावलं त्यांच्या डॉक्टरांनी. डॉक्टर तरुणपणी मिलिटरीत होते, बरीच वर्षं बेंगळुराकडे राहून आलेले. त्यांना दुपारी पेशंट संपले की फिल्टरची कॉफी लागायची, आणि ती करायचं काम कंपाउंडरवर आलं. हळूहळू डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरच त्यात जास्त बुडाला. सांगलीची हळद घेऊन दक्षिणेत जाणाऱ्या ट्रकवर दाजींच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. तो येताना कच्च्या कॉफीचं लहानसं पोतं घेऊन यायचा. एकदा ते पोतं कुठं ठेवलं होतं कोण जाणे, सगळ्या बियांना हळदीचा वास. दाजींनी ती कॉफी फेकली नाही, पावसाळाभर ज्याला ज्याला सर्दी झाली त्याला पाजली, आणि लोक बरे झाले असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

बिया घरीच लोखंडी कढईत भाजायच्या, फळीला स्क्रूनं आवळलेल्या हातयंत्रात दळायच्या, आणि मग खरी गंमत. दळलेली पूड डब्यात भरायची नाही. दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायचे तसे पांढऱ्या कागदाचे चौकोन मांडायचे, प्रत्येकावर एका कपाची पूड ठेवायची आणि टोकात टोक खोचून घडी घालायची. एक पुडी, एक कप. दाजींच्या हाताची पुडी वाऱ्यानं सुटत नसे आणि बोटानं ओढली की एका झटक्यात उघडत असे. पूर्वी औषधाच्या बाटलीला डोस कळावा म्हणून कागदाची पट्टी चिकटवत, तशा पुडीवर पेन्सिलीनं रेघा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रेघा मोजता येतात, हे त्यांचं म्हणणं. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कंपाउंडर, तुम्हाला काय देऊ?" टेबल होतं, कपाट होतं, भिंतीवरचं घड्याळ होतं. दाजींनी कागदाचे गठ्ठे मागून घेतले.

घरी कोणीही आलं की पाण्याआधी तपासणी. "झोप कशी लागते? भाकरीचा पापुद्रा खाता का काढून ठेवता? राग आला तर बोलून टाकता का गप्प बसता?" एवढं विचारून झालं की दाजी डोळे बारीक करून समोरच्याकडे बघत आणि आत जाऊन पुडी घेऊन येत. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शेजारच्या तालमीतले वस्ताद म्हणजे दारात मावणार नाहीत असे. मिशा अशा की लहान पोरं रडायची. दाजींनी त्यांना एका रेघेची पुडी दिली. वस्ताद आधी रागावले, मग प्यायले, मग आणखी एक मागितली. जाताना दाजींना बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, लय ग्वाड लागली. पर तालमीत कुनाला सांगू नगा." आमचे हे दोन रेघांचे. ते ऐकून ह्यांना जरा वाईट वाटलं होतं. आपण निदान तीन रेघांचे असू असं त्यांना लग्नाआधीपासून वाटत आलं होतं.

एकदा दाजींनी साताऱ्याला आमच्या सासूबाईंसाठी तीन रेघांच्या तीन पुड्या पाठवल्या. सासूबाईंना खोकला होता, आणि जावयाकडून आजवर पुडीतून औषधच आलेलं. त्यांनी पुडी उघडली, पूड जिभेवर टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. तोंड कसंनुसं झालं, पण जावयानं दिलेलं औषध थुंकणार कसं? दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. त्या तीन दिवसांत त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, माळ्यावरची सगळी भांडी घासून झाली, दोन गोधड्या शिवून झाल्या. पुढं दाजी आले तेव्हा मोठ्या अदबीनं म्हणाल्या, "जावईबापू, औषध गुणाचं हाय. अंगात ताकद आली. पर लय कडू हाय बगा." दाजींनी त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. मला मात्र हळूच म्हणाले, "तीन रेघा कोरड्या गिळल्या. वहिनी, या बाईपुढं आपण कोणीच नाही."

नव्वदच्या पुढं लग्नांत ते फुसफुसणारं कॉफीचं यंत्र यायला लागलं. वर फेस, फेसावर चॉकलेटची पूड, आणि रांग जेवणाच्या पंगतीपेक्षा मोठी. दाजी त्या रांगेत उभे राहायचे, आणि नंबर आला की यंत्रवाल्याला विचारायचे, "भाजणी कोणती?" एकदा तो बिचारा म्हणाला, "काका, हितं बटन हाय." दाजींनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मला वाटलं आवडली. तर म्हणाले, "नाही, त्याला आणखी एक विचारायचंय."

आणि या माणसाची बायको, म्हणजे आमच्या वन्सं, चहा प्यायच्या. अशातशा नाही, दिवसाला पाच वेळा. उभ्या जन्मात त्यांनी कॉफीचा एक थेंब तोंडात घेतला नव्हता. दाजींनी लग्नानंतर वर्षभर खटपट केली, मग नाद सोडला. कोणी विचारलं तर वन्सं शांतपणे म्हणायच्या, "रोज ह्यांचं तोंड बघतीय, त्यात आनि कडू कशाला प्यायचं?" दाजीही हसायचे. घरात दोन चुली असाव्यात तसा वन्संचा चहा आणि दाजींची कॉफी असा शेजारी शेजारी संसार चालला होता.

आता माझं सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला गेले तेव्हा दाजींनी मलाही प्रश्न विचारले. मी पदर सावरून खाली बघत बसले. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, एवढं तरी सांगा, कशी आवडते?" मी म्हणाले, "कशीबी चालंल." दाजींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "कशीबी अशी भाजणी नसते." पण मला दुसरं उत्तर येत नव्हतं. माझं माहेर माणातलं, कायम दुष्काळाच्या मुलखातलं. आमच्या घरात समोर येईल ते खायचं, आणि आलं हेच पुष्कळ. तुला काय आवडतं, असं मला त्याआधी कोणी विचारल्याचं आठवत नाही. आईनंही नाही. तिची माया कमी नव्हती. विचारून देणार काय, म्हणून विचारत नसावी.

दाजींनी मात्र हे मनावर घेतलं. दर भेटीत मला वेगळी पुडी करून द्यायचे आणि समोर बसून तोंडाकडे बघत राहायचे. एका दिवाळीला त्यांनी तिन्ही भाजण्यांचे तीन कप ओळीनं माझ्यापुढं मांडले. मी तिन्ही संपवले, सारख्याच वेळात. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हे मला लहानपणापासून चांगलं जमतं. दाजी वन्संना म्हणाले, "तीन कप रिकामे आणि चेहरा कोरा. काय माणूस आहे." तेव्हापासून त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक पुडी असायची, तिच्यावर एकही रेघ नाही. सगळ्यांच्या रेघांच्या पुड्यांत ती एकटी कोरी पुडी बघितली की मला उगीच लाजल्यासारखं व्हायचं. सतरा वर्षं ती पुडी कोरीच राहिली.

मग वन्संच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. स्वयंपाकापाण्याला म्हणून मी पंधरा दिवस सांगलीला जाऊन राहिले. वन्संच्या एका डोळ्यावर पट्टी, चुलीपुढं यायची बंदी. त्या पलंगावर बसून हुकूम सोडायच्या आणि मी चहा करून द्यायची. दाजी जरा गप्प वाटले. थंडीतापानं ते मध्ये दहा दिवस पडून होते, त्याचा अशक्तपणा असेल असं मी धरून चालले.

दवाखाना बंद झाला तरी डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिक्षा करून दाजींकडे यायचे. काठी टेकत तीन पायऱ्या चढायचे, खुर्चीवर बसायचे, तीन रेघांची एक कॉफी प्यायचे आणि जायचे. त्या एका कपासाठी दाजी आदल्या दिवशी ताज्या बिया भाजायचे. दवाखाना गेल्यापासून 'कंपाउंडर' अशी हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही महिन्यातून एकदा. वन्संनी मला सांगितलं की गेल्या खेपेला डॉक्टरांनी अर्धा कप तसाच ठेवला. काही बोलले नाहीत, उठून गेले. दाजी म्हणाले डॉक्टरांच्या तोंडाची चव गेली. पण तो अर्धा कप त्यांनी संध्याकाळपर्यंत धुवायला टाकला नव्हता.

मी गेले त्याच आठवड्यात पहिला रविवार येत होता. शनिवारी सकाळी दाजींनी कढई चढवली. मी शेजारच्या शेगडीवर भाकरी करत होते. दाजी नेहमीसारखे बोलत होते. "वहिनी, रंगावर जायचं नाही. काळ्या कढईत काळा रंग काय कळणार? उन्हात वेगळा दिसतो, ट्यूबखाली वेगळा. नाक. भाजणी ही नाकानं करायची." आणि हे ते सांगत असतानाच बिया करपायला लागल्या होत्या.

मला वास आधी येतो. लहानपणी आई रोजगाराला गेली की चुलीपुढं मीच असायची. दुष्काळात मूठभर हुलगे भाजायचे असले तर ते करपून चालत नाहीत, कारण दुसरी मूठ नसते. त्यामुळं करपल्यावर कळून उपयोग नाही, करपायच्या आधी कळावं लागतं. मला कळलं होतं. पण दाजींना सांगायचं कसं? ते वडीलधारे, घरचे जावई, आणि ज्या गोष्टीत त्यांना सगळी गल्ली मानते त्याच गोष्टीत. मी भाकरी थापत राहिले. आता बघतील, आता उतरवतील. धूर निघाला. पलीकडच्या घराची खिडकी लागल्याचा आवाज आला. दाजी ढवळतच होते.

"दाजी," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही.

"आवं दाजी. करपली."

त्यांचा हात थांबला. त्यांनी कढईवर वाकून मोठा श्वास घेतला. "कुठं? चांगला वास येतोय की," असं म्हणता म्हणता ते मध्येच गप्प झाले. गॅस बंद केला, पाट ओढून भिंतीला टेकून बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "वहिनी, त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. कापूर नाकाला लावून बघितला. काही नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांना मी काय पाजलं असेल, देव जाणे."

मी तव्यावरची भाकरी तेवढी उतरवली.

"उद्या ते येतील," दाजी म्हणाले. "मी गावाला गेलोय म्हणून सांगा. पुढच्या महिन्यातही असंच काहीतरी सांगू. एक-दोनदा सांगितलं की ते यायचे थांबतील." हे सांगताना त्यांचा आवाज दवाखान्यात औषध मागायला आलेल्या पेशंटसारखा झाला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाय की."

त्यांनी वर बघितलं.

"तुमी हलवा," मी म्हणाले. "मी सांगते."

एवढं सलग मी त्यांच्याशी सतरा वर्षांत बोलले नसेन. दाजींनी कढई घासली, नव्या बिया टाकल्या, आणि मी पदर खोचून शेजारी उभी राहिले. आधी ओल्या गवताचा वास आला, मग भाकरी शेकल्याचा, मग भाजक्या शेंगदाण्यांचा. बिया तडतडल्या. मग गूळ पातेल्याला लागायच्या आधी येतो तसा एक वास आला, कडू होता होता थांबलेला. "आता," मी म्हणाले. दाजींनी झटकन कढई उतरवली, बी फोडून चावली आणि मान हलवली. "ही तीन रेघा नव्हे. डॉक्टरांना अजून पुढं लागते. दोनच्या पुढं गेलीय, पण तीनला पोचली नाही." पुन्हा नव्या बिया. मी ठरवून होते की या खेपेला थांबायचं. पण तो वास आला आणि मी पुन्हा म्हणाले, "आता." दाजी चावून म्हणाले, "परत तिथंच." तिसऱ्यांदाही तेच झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी मात्र माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते, वस्तादांना पुडी द्यायच्या आधी बघितलं असेल तसे. ते म्हणाले, "आता असं करा. तुम्हाला 'आता' म्हणावंसं वाटलं की म्हणू नका. पाच श्वास मोजा आणि मग म्हणा." मी पाच श्वास मोजले. डॉक्टरांची भाजणी मिळाली.

आत पलंगावरून वन्संनी हाक मारली. "जमलं का गं वैनी?"

मी गेले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं. महिन्यामागं दूध उतू जाऊन पार कोळसा झालं, आनि हे शेजारी पेपर वाचत बसल्यालं. मी पातेलं घासून ठेवलं, बोलले न्हाई. त्यांनीच सांगितल्याबिगर मी कसं बोलू?" एवढं सांगून त्यांनी चहा मागितला.

रविवारी डॉक्टर आले. मी आतल्या दाराआड उभी होते. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळा कप संपवला. मग म्हणाले, "कंपाउंडर, आज जमली. मागच्या वेळचा काढा होता."

"मग बोलला का नाहीत?" दाजींनी विचारलं.

"तीस वर्षं तुम्ही माझं अक्षर तक्रार न करता वाचलंत. मी अर्धा कप तक्रार न करता पिऊ नये?"

दाजींना तिथं गप्प बसता आलं असतं. पण ते म्हणाले, "साहेब, माझं नाक गेलं. आजची आमच्या वहिनींच्या नाकानं भाजलीय." डॉक्टरांनी दाराकडे बघून हात जोडले. मी आणखी मागं सरकले आणि पिंपावर आपटले.

पंधरा दिवसांनी मी निघाले. दाजी मला एस. टी. स्टँडवर पोचवायला आले. खिडकीतून त्यांनी एक पुड्यांची माळ दिली, दोऱ्यात ओवलेल्या दहा-बारा पुड्या. मी नेहमीसारख्या कोऱ्या असतील म्हणून बघितलं. प्रत्येकीवर दोन पूर्ण रेघा, आणि शेजारी तिसरी, अर्ध्यावर थांबवलेली.

"सतरा वर्षं 'कशीबी' म्हणून तुम्ही मला चकवलंत," दाजी म्हणाले. "पण नाक तीनदा एकाच जागी थांबलं. अडीच. ही भाजणी माझ्या यादीत नव्हती, वहिनी. आता आहे."

गाडी सुटली. पेठ नाका मागं पडेपर्यंत मी ती माळ मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "औषध हाय काय?" मी म्हणाले, "व्हय."

दाजींचं नाक पुढं परत आलं नाही. मी साताऱ्याला आल्यावर कढईजवळ वन्सं बसायला लागल्या. पट्टी निघालेली, हातात चहाचा कप, आणि डोळे मिटून त्या "आता" म्हणायच्या. कोणी सांगलीहून आलं की माझी माळ यायची. पहिल्या खेपेची प्यायले तर जरा फिकी. मी आयुष्यात पहिल्यांदा एक कार्ड लिहिलं, ज्यात तक्रार होती. "वन्सं, तुम्ही दोनावरच थांबता. आणखी थोडं थांबत जा." दाजींनी ते कार्ड म्हणे गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. डॉक्टर होते तोवर येत राहिले. मग डॉक्टर गेले, आणि त्यांच्यामागं दोन पावसाळे काढून दाजीही गेले. वन्सं अजून चहाच पितात. कढई त्यांनी मला देऊन टाकली.

त्या कढईत मी आता शेंगदाणे भाजते. तो वास आला की माझ्या तोंडून अजून "आता" निघतं, मोठ्यानं. आमचे हे बाहेरून विचारतात, "कुनाशी बोलतीस?" मी क्षणभर हात लावत नाही, कोणीतरी उतरवेल म्हणून. मग मीच उतरवते.